पेन्शनच्या डब्यातल्या पुंगळ्या

"हात हलला तुझा," मगदूम आण्णा म्हणाले.

"नाही हलला, आण्णा."

"मग सकाळी काय तरी तिखट खाल्लं असशील. पोटात आग असली की बोट थरथरतंय."

मी कानांवरचे मफ काढून गळ्यात अडकवले आणि आम्ही दोघं टार्गेटकडं चालत गेलो. चार भोकं मधोमध, एकमेकांना खेटून पडली होती. उरलेल्या दोनांपैकी एक चार बोटं वर गेलं होतं आणि एक चार बोटं खाली. माझा हात हलला की गोळी डावीकडं जाते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ह्या दोन्ही गोळ्या सरळ रेषेत वर-खाली गेल्या होत्या. म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं, काडतुसांचा जोर कमीजास्त झाला होता. पण आण्णांनी भरलेल्या काडतुसाला नाव ठेवायचं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी पहिल्या घासाआधी मीठ मागण्यासारखं होतं. मी टार्गेट काढून घेतलं.

कोल्हापुरातल्या त्या नेमबाजीच्या क्लबात मी कसा आलो हा घरी बरेच दिवस चेष्टेचा विषय होता. मी श्रेणिक तेरदाळे, जन्मानं जैन, धंदा चष्म्याचा. आई म्हणायची, मुंगी मरू नये म्हणून खाली बघून चालणाऱ्यांच्या घरात हे कुठलं बेणं जन्माला आलं. मी तिला समजवायचो की मी फक्त कागद मारतो. तिला ते पटलं नाही, पण तिनं जेवण बंद केलं नाही, एवढं पुरेसं होतं.

हिंदुराव मगदूम हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. बाहेरून येणारी काडतुसं महाग आणि दुर्मीळ, म्हणून क्लबनं रीतसर परवाना काढला होता आणि उडालेल्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचं काम आण्णांकडं दिलं होतं. रेंजच्या मागं पत्र्याची एक खोली होती. तिथं एक जाड टेबल, त्यावर हातानं दाबायचा प्रेस आणि भिंतीला लागून बिस्किटांचे तीन मोठे डबे. डब्यांवर आण्णांनी ऑइलपेंटनं नावं लिहिली होती : शाळा, पलटण, पेन्शन.

एकदा मी त्यांना नावांचा अर्थ विचारला होता, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून तासभर शिकवलं होतं.

"पितळ लई प्रामाणिक असतंय बघ," ते म्हणाले होते. "नवी पुंगळी, म्हंजे शाळंतली, मऊ असती. बार उडाला की फुगती, प्रेसमध्ये घातली की आवळती. तोंड जरा उघडायचं, गोळी बसवायची, परत तोंड मिटायचं. दर खेपंला हेच. असं करत करत ती कडक हुती. कडक म्हंजे ताकदवान न्हवं. कडक म्हंजे हट्टी. गोळीला पहिल्यासारखी धरंना हुती. आणि शेवटी तोंडापाशी केसाएवढी चीर जाती."

"आणि लांबीला?"

"रायफलची पुंगळी वापरून लांबती. आपल्या रिव्हॉल्व्हरची आखडती. माणसावाणी. म्हणून तर ह्यांची सरमिसळ करायची न्हाई. लई येळा उडाल्याल्या पेन्शनवाल्यांसाठी प्रेस जरा खाली लावायचा, शाळेसाठी जरा वर. एकाच मापानं दोघांस्नी दाबलं की एकाचा गळा आवळतोय, दुसऱ्याचा सैल राहतोय."

चीर डोळ्यांना दिसायची नाही. मी स्वतः दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग घेऊन बघितलं होतं. ती ऐकायची. आण्णा मूठभर पुंगळ्या कानाशी खुळखुळायचे, मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात तसे, आणि त्यात एकच फुटकी असली तरी तिचा बद्द आवाज त्यांना कळायचा. अख्ख्या क्लबात हा कान त्यांच्या एकट्याकडं होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. असायलाच हवा होता.

तर त्या रविवारी आम्ही टार्गेट घेऊन परत आलो तेव्हा सेक्रेटरी धैर्यशील इंगळे दारातच उभे होते. हातात त्यांचं स्वतःचं टार्गेट. तिथंही तीच कथा.

"आण्णा, महिना झाला बघतोय," इंगळे म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते. त्यांना हे बोलताना जड जात होतं. "माझी, श्रेणिकची, सगळ्यांचीच काडतुसं वर-खाली जायला लागलीत. गुण जाऊ द्यात. उद्या एखादी गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी मारली गेली, तर कुणाचा तरी हात जाईल."

"दारू दमट आली असंल," आण्णा म्हणाले.

"दारू बदलून बघितली की आपण."

"मग वजनाचा काटा बघतो."

"काटापण बघितला." इंगळेंनी टोपी काढून पुन्हा घातली. "पुढच्या शनिवारपर्यंत बघू. नाहीच जमलं तर भरायचं काम थांबवू, आण्णा. कमिटीचं तसं म्हणणं आहे. तुम्ही यायचं, बसायचं, पोरांना शिकवायचं. फक्त भरायचं नाही."

आण्णा वळले. खोलीत जाऊन त्यांनी प्रेसवर कापड टाकलं, पुन्हा काढलं आणि तेल लावायला बसले. तेल लावायची काही गरज नव्हती. फौजेतून आल्यापासून हा माणूस रोज सकाळी उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फक्त ह्या खोलीसाठी घराबाहेर पडायचा. ती खोली गेली की दाढी जाणार, मग शर्ट जाणार, आणि मग काय राहणार ते मला दिसत होतं. मला फार वाईट वाटलं.

मी माझ्या सहा पुंगळ्या टेबलाच्या टोकाला ओळीनं उभ्या केल्या. उगीच, हाताला चाळा म्हणून. पण माझा धंदा भिंगांचा. काचेची जाडी नखाच्या कडेएवढी चुकली तरी मला खटकते. सहांपैकी दोन किंचित उंच होत्या. सगळ्या सारख्याच चकचकीत, सगळ्यांवर एकच शिक्का, आणि सगळ्या पेन्शनच्या डब्यातून आलेल्या. खिशात भिंगाची जाडी मोजायचा चिमटा होता, तो लावून बघितला. शंकाच नको. त्या दोन अगदी कोवळ्या होत्या.

"आण्णा," मी त्यांच्या पाठीमागून म्हणालो, "तुमच्या पेन्शनमध्ये शाळेतली पोरं घुसलीत."

आण्णा प्रेस पुसत राहिले. मला वाटलं, रागावलेत.

"आण्णा, ऐकलंत का?"

पुसतच राहिले. मी आणखी मोठ्यानं हाक मारली. बाहेरून इंगळेंनी "काय झालं?" असं विचारलं, इतकी मोठी. आण्णांच्या खांद्यानंही दखल घेतली नाही. मग त्यांनी सहज वळून माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "च्या घेणार का?"

मी मान हलवली.

रेंजवर सगळ्यांच्याच कानांवर मफ. तिथं सगळेच ओरडून बोलतात, हातवारे करतात, तोंडाकडं बघून समजून घेतात. बहिऱ्या माणसाला लपायला त्याहून चांगली जागा कुठली? आण्णांनी फौजेत आयुष्यभर कानात बोटभर कापूस घालून तोफांचे बार ऐकले होते. डोळे गेले तर माणूस स्वतःच्या पायानं माझ्या दुकानात येतो. कान गेले तर तो घरच्यांनाच सांगतो, नीट बोलायला शिका. आण्णांना स्वतःलाही हे कळलं नसावं. पुंगळ्या कानाशी खुळखुळवायची सवय हाताला होती, आणि बद्द आवाज आला नाही की सगळं ठीकच आहे, असं ते धरून चालत होते.

पण मग गाडं अडलं. ऐकू येत नसेल, तर डब्यात फुटक्या पुंगळ्या सापडायला हव्या होत्या. कोवळ्या कुठून आल्या?

पुंगळ्या आण्णांच्या हातातून सुटून आणखी एकाच ठिकाणी जायच्या. त्यांच्या घरी, धुवायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा क्लबात असताना मी त्यांचा दुरुस्त केलेला चष्मा घेऊन घरी गेलो. आण्णांच्या पत्नी अनसूयाकाकी मागच्या दारी बसल्या होत्या. देवाची भांडी घासावीत तशा त्या पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात घोळून जुन्या धोतरावर उन्हात पसरत होत्या. बाजूला तीन पिशव्या, शाळा-पलटण-पेन्शनच्या. फडताळात चौथी होती, ती मला ठाऊक होती : राज्य स्पर्धेसाठी राखून ठेवलेल्या, एकदाच उडालेल्या पुंगळ्यांची.

"ये श्रेणिक. बस. ताक देऊ?"

"असू द्या, काकी."

त्यांनी पेन्शनच्या ढिगातून मूठभर पुंगळ्या उचलल्या, कानाशी नेल्या, खुळखुळल्या. चेहरा जरा बदलला. मूठ उघडून त्यांनी एकेक पुंगळी फरशीवर टाकून बघितली आणि एक बाजूला काढली. मग माझ्यासमोर उठल्या, फडताळातल्या पिशवीतून एक पुंगळी आणून तिच्या जागी ठेवली आणि काढलेली फुटकी चुलीमागच्या भगुल्यात टाकली. आत आणखी होत्या, आवाजावरून कळलं.

माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "आता बघितलंसच म्हण."

"किती दिवस करताय हे?"

"दोन दिवाळ्या झाल्या की. आधी एखाददुसरीच फुटायची, ह्या महिन्यात लई फुटाय लागल्यात." त्या खाली बसल्या. "पैल्यांदा मला वाटलं, भांडलोय म्हणून बोलत न्हाईत. मग एकदा कुकर मागं शिट्ट्या मारतोय आणि हे पुढं पेपर वाचत बसल्यात. तवा कळलं. डाक्टरकडं चला म्हटलं तर म्हणत्यात, मला काय धाड भरलीया. ह्या पुंगळ्या मी इतकी वर्सं धुतीया, फुटकं कसं वाजतंय ते मला ठावं हाय. भांड्यांत जन्म गेलाय माझा. म्हटलं, आपण निवडून द्यावं. त्यांच्या कानाला काय झालंय हे क्लबात कुणाला कळायचं न्हाई."

"आणि मोजदाद भरावी म्हणून नव्या घालता."

"मोजून घेत्यात की ते परत. कमी आली तर इचारतील." त्या हसल्या. "पितळ ते पितळ."

हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण शनिवार तोंडावर होता. मी धोतरावरच्या पुंगळ्यांतून एक जुनी आणि एक कोवळी घेऊन त्यांच्यासमोर उभी केली आणि आण्णांनी मला शिकवलं होतं तेवढं सगळं सांगितलं. आखडलेलं पितळ, हट्टी झालेलं तोंड, एकाच मापात दोघींचा गळा. काकींनी सगळं ऐकून घेतलं. हात चिंचेच्या पाण्यात तसाच राहिला होता.

"म्हंजे गोळ्या वर-खाली जात्यात त्या माझ्यामुळं."

"तुम्हाला माहीत नव्हतं, काकी."

"ते रात-रात झोपत न्हाईत. हात गेला म्हणत्यात माझा. जेवताना बोटं बघत बसत्यात." त्यांनी हात पुसले, फार हळू. "त्यांचं काम टिकावं म्हणून केलं, आणि मीच त्यांच्या कामावर धोंडा घातला."

मी म्हणालो, "नुसतं नव्या घालायचं थांबवलं तरी भागेल. मी इंगळेंना सांगतो, हिशेबाचं बघून घेतील."

"आणि त्यांच्या कानाचं? ते कोण बघंल?" त्या उठल्या. "न्हाई. झाकून बघितलं, झाकून निभत न्हाई. तू काय बोलू नको. शनवारी मी येती."

अनसूयाकाकी क्लबात कधी आल्या नव्हत्या. शनिवारी सकाळी त्या नऊवारी नेसून, हातात पिशवी घेऊन पत्र्याच्या खोलीत आल्या, तेव्हा इंगळे खुर्चीवरून उठून उभे राहिले. आण्णा टेबलाशी होते. त्यांनी आदल्या दिवशीपासून सगळा प्रेस खोलून पुन्हा बसवला होता. डोळे लाल झालेले.

"तू इथं कशाला?" आण्णा म्हणाले.

काकींनी पिशवीतून भगुलं काढलं आणि टेबलावर पालथं केलं. फुटक्या पुंगळ्यांचा ढीग पडला.

"ह्या मी काढल्यात," त्या त्यांच्याकडं तोंड करून, शब्द सुटे करत म्हणाल्या. "त्यांच्या जागी नव्या मी घातल्यात. तुमचा हात चुकल्याला न्हाई. सेक्रेटरीसाहेब, तुमीबी ऐका. हात चुकल्याला न्हाई."

आण्णा ढिगाकडं बघत राहिले. एक पुंगळी उचलून त्यांनी नखानं तोंड चाचपलं. "ह्या माझ्या कानातनं सुटल्याच कशा? मला ऐकू येतंय की."

"येतंय?"

"चांगलं येतंय."

काकींनी पदर ओढून तोंडावर घेतला, नुसते डोळे उघडे ठेवले आणि बोलायला लागल्या. बारीक आवाजात नाही, आपण घरात बोलतो तशा. मला आणि इंगळेंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"श्रावणात मी तुमास्नी म्हटलं, माझ्या थोरल्या आक्काचं काय खरं न्हाई, तिनं बोलावलंय, एकदा दोघं जाऊन येऊया. तुमी बरं बरं म्हणाला. मी पिशवी भरून उंबऱ्यावर बसले. तुमी शर्ट घातला आणि क्लबात गेला. मी एकटी गेले. आक्का म्हणाली, भावजी आले न्हाईत? मी म्हटलं, त्यास्नी काम हाय. माझ्या आईच्या जागी हाय ती. मला लई लागलं ते. तवापासनं मनात हाय."

 आण्णा बायकोच्या डोळ्यांकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, इंगळेंकडं बघितलं. आमच्या चेहऱ्यांवर त्यांना दिसलं असावं की काहीतरी बोललं गेलं आहे आणि ते मोठं आहे.

"काय म्हणाली ही?" त्यांनी मला विचारलं.

मी काकींकडं बोट केलं. आण्णा टेबलाला वळसा घालून काकींसमोर आले. तोफखान्यात रांगेनं उभं राहायची सवय असलेला हा ताठ माणूस जरा वाकला.

"काय म्हणालीस, अनसूया?"

मी त्यांना बायकोचं नाव घेताना पहिल्यांदाच ऐकलं. काकींनी पदर खाली केला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, त्यांच्या तोंडासमोर तोंड धरून. आता मात्र त्यांचा आवाज मोडला. आण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मला वाटलं, तू रुसून माहेरी गेलीस," ते म्हणाले. "मी म्हटलं, जाऊंदे, यील."

"कशापायी रुसंन मी?"

"तेच मला कळंना झालंतं." मग त्यांनी विचारलं, "दोन वर्सं तू अशी बोलतीयास, आणि मी बरं बरं म्हणतोय?"

"व्हय."

"आणखी काय काय सांगिटलंस?"

"लई सांगिटलं."

इंगळे पुढं होऊन, आण्णांना तोंड दिसेल असं उभं राहून म्हणाले, "आण्णा, काम तुमच्याकडंच राहील. पुंगळ्या काकींनीच निवडाव्यात, उघडपणे. कमिटीशी मी बोलतो. सगळं मिटलं समजा."

महिनाभर ज्याच्यासाठी आण्णा झोपले नव्हते ते त्यांना मिळालं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यांनी मान हलवली, पण तसली मान ते दोन वर्षं हलवत होते, ती ऐकल्याची होती की नाही कोण जाणे. त्यांनी प्रेसवर कापड टाकलं. खोलीची किल्ली माझ्या हातात दिली.

"आक्का हाय न्हवं अजून?" त्यांनी काकींना विचारलं.

"हाय. अंथरुणाला खिळलीया, पर हाय."

"मग चल."

"आत्ता? कपडे न्हाईत, काय न्हाईत—"

"चल."

मी त्यांना स्कूटरवरून, एकेक करून, दोन खेपांत स्टँडवर सोडलं. आक्काच्या गावाला जाणारी आजऱ्याची गाडी लागलेलीच होती. काकी आधी चढल्या आणि खिडकीपाशी बसल्या. आण्णा त्यांच्या शेजारी बसले, मी खाली खिडकीशी उभा राहिलो. इंजिन सुरू झालं, घरघर वाढली, काकी काहीतरी बोलल्या आणि आण्णांनी सवयीनं मान हलवली. मग ते थांबले. त्यांनी एका कानावर तळहात ठेवून बघितला, मग दुसऱ्यावर. डावा पार गेला असावा, उजव्यात अजून थोडं असावं. ते उठले, दाटीवाटीतून काकींना उठवलं, आपण आत खिडकीकडं सरकले आणि त्यांना अलीकडं आपल्या उजव्या हाताला बसवलं. कंडक्टर ओरडला, मागच्या लोकांनी कुरकुर केली. आण्णांनी कुणाकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी कान काकींच्या तोंडाशी नेला.

"आता सांग," ते म्हणाले. "पैल्यापासनं."